सव्वा मूठ

गुरुवार, १२ जून

उजव्या हाताला कोपराखालून पंजापर्यंत प्लास्टर आहे आणि त्यातून पाच बोटं बाहेर डोकावताहेत. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा, नाहीतर आखडतील. कशी हलवू म्हटलं, तर हर्षदाने भावाच्या कापड मार्केटमधल्या शेठने दिवाळीला दिलेली कोरी डायरी पुढ्यात टाकली. "लिही मम्मी. नाहीतरी तुझं तोंड बंद नसतं, तेच काम बोटांना दे." बारावी सायन्सला बसवलं की पोरी अशा बोलतात.

तर घडलं असं. परवा वटपौर्णिमा. नवी साडी, हातभर बांगड्या, वडाला दोरा गुंडाळत मी निघाले. सहा फेरे झाले. सातव्याला कोणीतरी वाहिलेल्या केळावर पाय पडला आणि मी हात टेकून बसले ते बसलेच. मनगटातून असा आवाज आला, की मला वाटलं बांगड्या फुटल्या. बांगड्याही फुटल्या होत्या म्हणा.

मी खाली बसून कळवळतेय आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंनी काय करावं? दोरा तुटू नये म्हणून माझ्या हातातलं रीळ घेऊन सातवा फेरा त्यांनीच पुरा केला! रिक्षात मी विचारलं, "बाई, मग सातव्या जन्मी यांची बायको कोण?" हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागे न बघताच म्हणाले, "वहिनी? मंग मी सातवा जन्म लेतच नही." हाड मोडलेलं असताना इतकं हसू येऊ नये, फार दुखतं.

एवढंच लिहून बोटं दमली.

शनिवार, १४ जून

आज रडले. हाडासाठी नाही, कानबाईसाठी.

ही डायरी कुणा गुजराती शेठची आहे, तिला कानबाई काय ठाऊक! ऐक बाई डायरी. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी सजवतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तापीवर नेतात. तिचा प्रसाद म्हणजे रोट, गव्हाच्या पिठाची जाड पोळी. त्या रोटाचे गहू मोजून घ्यायचे असतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. वाटी नाही, माप नाही, मूठच. आणि ती कुणाची? ज्या घरी कानबाई बसते तिथल्या घरधनिणीची. उजव्या हाताची.

सासूबाई गेल्यापासून कानबाई कोसाडला, थोरल्या दिरांच्या, मोठ्या दादांच्या घरी. मोठ्या बाई, म्हणजे याच जाऊबाई, गहू मोजतात आणि मी शेजारी बसून बघते. या माघात त्या आपणहून म्हणाल्या, "औंदा कानबाई तुन्हा घर, सुवर्णा." मी तर घराला रंग दिला! चोवीस वर्षं सुरतेच्या लिंबायतमध्ये राहून पहिल्यांदा देवी माझ्या दारी येणार, आणि मी मूठ मोडून बसले.

हे म्हणाले, "नही जमनं ते वहिनी मोजी लेतीन." मोठ्या बाई तिथेच होत्या. नुसत्या साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसल्या. मी काही दूधखुळी नाही. माघात दिलं आणि श्रावणात परत घेणार.

मंगळवार, १७ जून

सरकारी दवाखान्यात फेरी. तिथे स्नेहाबेन म्हणून एक मुलगी आहे, हातपाय हलवून घेणारी. वय पंचवीस असेल, आवाज मात्र हेडबाईंचा. मी म्हटलं, "स्नेहाबेन, हे हाड श्रावणापर्यंत सुकेल का?" ती हसली. "सुकाय नहीं, बेन. हाडकुं तो जीवतुं छे!"

मला वाटत होतं, हाड म्हणजे आतला खांब. मांसाला टांगायची खुंटी. तर म्हणे नाही, हाडात रक्त वाहतं, नसा आहेत, आत कामगार आहेत! माझं हाड मोडलं त्याच क्षणी तिथे रक्त साकळून गोळा झाला. आता त्या गोळ्यात मऊ, कुर्चेसारखा भराव पडतोय. मग त्यात चुना भरून तो कडक होईल. आणि शेवटी कामगार येऊन तो जास्तीचा भराव तासून हाड होतं तसं करतील. मी इथे बसून डायरी लिहितेय आणि आत बांधकाम चालू आहे!

सगळ्या गल्लीला सांगून आले.

गुरुवार, १९ जून

हर्षदाचं जीवशास्त्राचं पुस्तक मीच पळवलंय. हाडात तीन जातीचे कामगार असतात. त्यांची इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसत नाहीत, म्हणून मी बारसं केलं. एक पाडवाले, जुनं हाड कुरतडून काढणारे. दुसरे कडिया, म्हणजे इथले गवंडी, नवं हाड घालणारे. तिसरे मुकादम. हे मुकादम आधी कडियाच असतात, पण काम करता करता भिंतीतच चिणले जातात आणि तिथून आयुष्यभर लक्ष ठेवतात. कुठे भार पडतोय, कुठे भेग गेलीय. ते निरोप धाडतात आणि मग पाडवाले नि कडिया त्या जागी जातात. हाड न मोडताही हे रोज चालू असतं. माझ्यात, तुझ्यात (तुझ्यात नाही, तू डायरी आहेस), सगळ्यांत.

असं करत करत दहाएक वर्षांत सबंध सांगाडा नवा होतो. हे वाचून मी उठून उभीच राहिले. मी लग्न होऊन इथे आले त्याला चोवीस वर्षं झाली. म्हणजे अमळनेरहून जी हाडं घेऊन आले ती कधीच गेली! आता आहेत ती इथल्या पाण्याची, इथल्या थैलीच्या दुधाची. रात्री जेवताना यांना म्हटलं, "तुम्ही जिला मागणी घातली होती ती बाई आता उरलीच नाही." हे म्हणाले, "तरीच. ती कमी बोलायची."

मोठ्या बाई आजही आल्या होत्या. बसने कोसाडहून रोज येतात. मला बघायला म्हणून येतात आणि येताना कामं घेऊन येतात! आज शेरभर लसूण. "मन्हा चष्मा घर ऱ्हायना, माले दिखस नही. तू सोल." मी प्लास्टरवाली बाई आणि मीच सोलू? चरफडत सोलला. पाच बोटांनी एकेक पाकळी. चष्मा त्यांच्या पिशवीतून डोकावत होता.

मंगळवार, २४ जून

आज मी शहाणपणाचा कळस केला.

पुस्तकात वाचलं होतं, हाडाला भार आवडतो. भार पडला की मुकादम जागे होतात नि कडिया जोरात कामाला लागतात. आकाशात जाणाऱ्या लोकांची हाडं तिथे भार नसल्याने विरळ होतात. मी म्हटलं, मग मी काय आकाशात बसलेय? सकाळी हे कारखान्यात गेल्यावर गव्हाची अर्धी गोणी प्लास्टरच्या हाताने उचलली. उचलली म्हणजे, वर आली. मग डोळ्यांपुढे काजवे चमकले.

दुपारपर्यंत बोटं टम्म आणि जांभळी. मोठ्या बाई आल्या, एक शब्द न बोलता रिक्षा बोलावली. दवाखान्यात मोठी गर्दी होती, पण त्या थेट स्नेहाबेनकडे घुसल्या. ओळख कुठली कोण जाणे.

स्नेहाबेनने असं झापलं, की बाकीचे पेशंट गप्प झाले. भार आवडतो तो जोडलेल्या हाडाला, ओल्या भरावाला नाही. "नवी भिंत पर कोई हाथी बांधता है क्या?" प्लास्टर कापून सैल केलं, फोटो काढला. नशीब, हाड हललं नव्हतं. हात उशीवर उंच ठेवून झोपायची शिक्षा झाली.

येताना रिक्षात मोठ्या बाईंचे ओठ हलत होते. मला वाटलं, मनात म्हणत असतील, बरं झालं, आता मूठ माझीच. विचारलं तर म्हणाल्या, "काही नही. देवीना नाव ली ऱ्हायनू." मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

मंगळवार, १ जुलै

फोटोत भराव दिसला! मोडलेल्या जागेभोवती धुरकट पांढरी गाठ. डॉक्टर म्हणाले, "सरस." मी त्यांना म्हटलं, माझ्या कडियांना निरोप द्या. ते म्हणाले, कोण कडिया? मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. बाहेरची रांग ओरडायला लागली तेव्हा थांबले.

शनिवार, ५ जुलै

गल्लीत मला आता हाडवाली म्हणतात. म्हणोत. नळावर बायका जमल्या की मी सुरू. आज सांगितलं, की मांडीच्या हाडाच्या टोकाशी, छातीच्या, कंबरेच्या हाडात रक्त तयार होतं. दर सेकंदाला वीस लाख तांबड्या पेशी! एक बाई म्हणाली, मग मला रक्त कमी का सांगतात? मी म्हटलं, कडियाला माल दिल्याशिवाय भिंत होते का? खा काहीतरी. नवऱ्याच्या ताटातलं उरलेलं सोडून.

जन्मलेल्या बाळाला तीनशेच्या आसपास हाडं असतात, मोठं होता होता जुळून दोनशे सहा राहतात, हेही सांगितलं. सगळ्याजणी आपल्या पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या.

मोठ्या बाईंचा आणखी एक उपद्व्याप. पाऊस उघडून जरा ऊन पडलं, की मला गच्चीवर पिटाळतात. "पापड दखाले जाय." जुलैत कोण पापड वाळत घालतं? चार पापड घातलेत आणि मी त्यांची राखण करायची. स्वतः खाली खुर्चीत. म्हटलं तुम्ही या वर, तर जिन्याकडे बघून म्हणे, "दादर चढाव लागस. तू जाय." एकेकाळी या बाई डोक्यावर हंडा नि कडेवर पोर घेऊन तीन मजले चढायच्या. माणसाला आराम मिळाला की आळस शिरतो अंगात.

साडीही हल्ली कशी नेसतात! घोळ जमिनीवर लोळत असतो. मी म्हटलंसुद्धा, "बाई, साड्या लांब झाल्या का?" म्हणाल्या, "धोईधोई वाढन्यात." साडी धुऊन वाढते हे मी सुरतेत राहून पहिल्यांदा ऐकलं. सगळे हसलो. त्या सगळ्यांत जास्त हसल्या.

रविवार, १३ जुलै

चेतनने यूट्यूबवर हाडजोडीचा वेल शोधला, एकाकडून आणला, वाटून प्लास्टरच्या कडेला लावला. पोरगा मार्केटला जाण्याआधी उठून आईसाठी वेल वाटतोय म्हणून मी लावून घेतला. आता आत अशी खाज सुटलीय, की मी प्लास्टरमध्ये विणायची सुई घालून बसलेय. हर्षदा म्हणते, स्नेहाबेनला फोन करू? खबरदार!

मोठ्या बाईंनी नाचणीचे लाडू आणले. तिळाचेही. मी दोन खाल्ले, त्या एकही खाईनात. "मन्हा दात दुखस." कधी चष्मा, कधी दादर, कधी दात.

मंगळवार, २२ जुलै

प्लास्टर निघालं!!!

आणि आतून निघाला तो माझा हात नव्हेच. वाळलेल्या शेवग्यासारखा. कातडी सोलवटलेली. हाड जुळलं, डॉक्टर खूश. स्नेहाबेन म्हणाली, "मूठ वाळो, बेन."

मी वळली. म्हणजे मनात वळली. बोटं अर्ध्या रस्त्यात थांबली. तळव्याला टेकेचनात. मी जोर केला तर घाम फुटला. तिने माझ्या बोटांमध्ये दोन बोटं घातली नि म्हणाली दाब. एखाद्या बाळाने धरावं तसं धरलं मी.

"थई जशे. टाइम लागशे." टाइमच तर नाही, बाई! रविवार सोडून पुढच्या रविवारी कानबाई.

गुरुवार, २४ जुलै

चोरून करून पाहिलं. डब्यातले गहू घेतले, मूठ भरली, उचलली. सगळे दाणे करंगळीच्या फटीतून डब्यात परत. पुन्हा. पुन्हा. हाड जुळलंय आणि मूठ नाही, हे म्हणजे घर बांधलंय नि दार नाही.

हर्षदा म्हणाली, सव्वा मुठीचं वजन काढू, वाटी ठरवून टाकू, देवीला काय कळतंय? मोठ्या बाई खुर्चीतून कडाडल्या, "कानबाईले वाटी चालत नही! हात लागस, हात!" एवढा आवाज मी त्यांचा चोवीस वर्षांत ऐकला नव्हता.

मग मीच म्हणाले, "मग तुम्हीच घ्या मोजायला. तुमच्या मनात आहेच." त्या उठल्या, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, हळूहळू. न्हाणीत जाऊन ओली चादर आणली नि माझ्या मांडीवर टाकली. "पिळ."

मी चिडून पिळली. पाणी कमी, डोळ्यांतलंच जास्त. त्या शेजारी उभ्या. "आखो. आखो पिळ." आणखी म्हणजे किती! जल्लादही इतका निर्दय नसतो.

शनिवार, २६ जुलै

काल कणीक. आज भिजवलेल्या चिंधीचा गोळा. आणखी काय तर म्हणे त्यांच्या नातवाचा रबरी चेंडू विसरून राहिलाय, तो सांभाळून ठेव, हातातच ठेव, हरवेल. घरात चेंडू हातात धरून कोण सांभाळतं? पण सांगितलं ना मोठ्यांनी. दिवसभर धरून होते. यांच्याशी बोलताना, भाजी ढवळताना, आरती करतानासुद्धा.

आज तर्जनी तळव्याला टेकली. मी अशी किंचाळले, की शेजारचे लोक धावत आले.

मंगळवार, २९ जुलै, नागपंचमी

आज काय काय झालं! मी लिहिताना हसतेय नि रडतेय, शाई फुटली तर फुटू दे.

सणाचा दिवस म्हणून दवाखान्यात गर्दी नव्हती. स्नेहाबेनच्या खोलीबाहेर बाकावर कोण? मोठ्या बाई. लाल किनारीची साडी, पिशवी मांडीवर. मला बघितलं आणि पिशवी तोंडापुढे धरली! सत्तावन्न वर्षांची बाई, पिशवीमागे लपतेय!

मी काही बोलणार इतक्यात स्नेहाबेन बाहेर आली. "अरे, आज दोनों साथ में?" आणि तिने सगळं ओकून टाकलं. मोठ्या बाई जूनपासून दर मंगळवारी येतात. आपल्या पाठीसाठी. पण खोलीत शिरल्यावर पहिला अर्धा वेळ माझाच. या आठवड्यात तिला काय करायला लावू? बोटं कशी हलवायची? ऊन किती? प्लास्टर निघाल्यावर पिळायला काय देऊ? स्नेहाबेन म्हणाली, "मैंने कहा, कसरत बोलूंगी तो नहीं करेगी. ये बोलीं, कसरत नहीं बोलना, मैं काम बोलूंगी. देराणी है, गुस्से में सब करेगी."

लसूण. पापड. चादर. चेंडू. मी बाकावर धपकन बसले.

"आणि पाठीला काय?" मी विचारलं. स्नेहाबेनने फोटो उजेडात धरला. मणक्यांची उतरंड. त्यातला एक पुढून दबलेला. पडल्या नाहीत, आदळल्या नाहीत, माघात नळावरची कळशी उचलताना झालं. बाईची पाळी थांबली की पाडवाल्यांना आवरणारं कोणी राहत नाही. ते भराभर काढतात, कडियांना तेवढं घालणं जमत नाही, हाड आतून विरळ होतं. मग मणका बसतो. माणूस थोडं बुटकं होतं. साडीचा घोळ जमिनीवर लोळतो.

मी अख्ख्या गल्लीची हाडं ठोकून बघत फिरले आणि रोज समोर खुर्चीत बसणारी ही बाई मला आळशी वाटली. मला माझा फार राग आला. म्हटलं, "बाई, मला सांगितलं का नाही?"

"तुले सांगीसन काय? तू आख्खा लिंबायतले सांगती. मंग मन्हा घरना लोके माले हातरुनवर निजाडतात." त्यांनी पिशवी खाली घेतली. "माले खाले बठीसन आते मोजता येत नही, सुवर्णा. म्हनीसन तुले दिन्ही ना कानबाई. अन तू हातच मोडी लिन्हा!"

त्या हसायला लागल्या. मीही. स्नेहाबेनही. मग मोठ्या बाई "आई गं, पाठ," म्हणून थांबल्या, आणि मग आम्ही हळू हसलो.

स्नेहाबेनने सांगितलं, निजून राहायचं मुळीच नाही. गोळ्या, ऊन, रोज चालणं, तिने शिकवलेले व्यायाम. वाकून उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. हाडाला बेताचा भार हवाच. मी म्हटलं, "हत्ती नको, एवढंच ना?" म्हणाली, "तुम तो टीचर बन गई."

येताना आम्ही दोघी स्टेशनपर्यंत चालत आलो. चेंडू माझ्या हातात होता.

शनिवार, २ ऑगस्ट

मोजले!

सकाळी न्हाऊन, केस बांधून पाटावर बसले. समोर सुपात निवडलेले गहू, शेजारी परात. आमच्याकडे एवढीशी खोली, त्यात दोन्ही घरची माणसं दाटीवाटीने. मोठ्या दादांनी मोठ्या बाईंसाठी कोसाडहून खुर्ची आणली होती. दादांना पाठीचं ठाऊक झालंय. मी सांगितलेलं नाही, आईशप्पथ. बाईंनी स्वतःच सांगितलं काल.

पहिली मूठ मोठ्या दादांच्या नावाची. सुपात हात घातला. दाणे गार होते. बोटं वळवली, एक, दुसरं, मधलं कुरकुरलं, मग करंगळी. हात उचलला. दोन दाणे पडले. तीन. मोठ्या बाई खुर्चीतून म्हणाल्या, "आखो पिळ." आणि मी मूठ चादर पिळल्यासारखी वळली. परातीपर्यंत गेली! उघडली तेव्हा तळव्यावर गव्हाचे ठसे उमटले होते. मग वरची पाव मूठ. झाली सव्वा.

मग हे. मग अक्षय, म्हणजे मोठ्या दादांचा मुलगा. मग चेतन. मग अक्षयचा छोटा, तो अवघा तीन वर्षांचा आहे नि मूठ त्याचीही पुरी. शेवटी शेवटी हात बधिर झाला, पण एकही मूठ गळली नाही. हे दाराजवळ उभे होते. वडाला दोरा गुंडाळला तेव्हाही यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

परात उचलायला हर्षदा पुढे झाली. मी म्हटलं, थांब. आणि पुन्हा सुपात हात घातला.

"ही कोनी व?" मोठ्या दादांनी विचारलं. "सगळास्नी झायी ना?"

"सरस्वतीची," मी म्हणाले. मोठ्या जावेचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. तोंडातून निघालं नि मीच दचकले.

मोठ्या बाई लालबुंद. "येडी झायी का? बाईनी मूठ ऱ्हास नही. कानबाईले राग ई."

मूठ हातात, दाणे निसटायला बघताहेत. म्हटलं, "कानबाई पुरुष शे का? बाईच शे ना? तिन्हा घर बाईनी मूठ का बरं नही?" मी अहिराणीत बोलले, भांडायचं असलं की माझं आपोआप तसं होतं.

मोठ्या दादांनी परातीकडे बघितलं. त्यांच्या आईने, त्यांच्या आजीने कधी असं केलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आता नाही म्हणाले तर मूठ सुपात परत टाकावी लागेल, आणि ती टाकायला माझा हात उघडणार नाही.

मग ते खाकरले. "टाक मंग. पन नुसती मूठ नको टाकू. सव्वा पुरी कर."

पाव मूठ घेताना मला काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते. हर्षदा ओरडली, "माझी पण!" मग तिची. मग चेतन म्हणाला, "मम्मीनी?" स्वतःच्या नावाने स्वतःच मूठ घ्यायची कशी? मोठ्या बाई म्हणाल्या, "इकडे आना सूप." खुर्चीत बसूनच त्यांनी माझ्या नावाची सव्वा मूठ घेतली. त्यांच्या मुठीतून एक दाणा पडला नाही.

घरघंटी दुपारभर घरघरत होती. पीठ एवढं झालंय, की हे म्हणतात रोट पौर्णिमेपर्यंत संपवायचे तर गल्लीतल्या म्हशीलाही भाऊबंद करावं लागेल. बाहेरच्यांना द्यायचे नसतात ना.

रविवार, ३ ऑगस्ट

कानबाई बसली. नथ काय शोभते तिला! आता दारात ढोल वाजतोय, बायका नाचताहेत, मला दोन मिनिटांत बोलावणं येईल, म्हणून भराभर लिहिते.

नैवेद्य झाला. पंगत बसली. दरवर्षी आधी पुरुष, मग पोरं, मग आम्ही. यंदा मोठ्या बाईंना जमिनीवर बसता येत नाही, म्हणून खुर्ची पंगतीच्या टोकाला लावली, आणि खुर्चीत बसलेल्या बाईला ताट मागाहून कसं देणार? पहिल्याच पंगतीत वाढलं. सगळे पुरुष खाली नि त्या वर, हातात ताट. अक्षय म्हणाला, "मम्मी, सरपंच दिसस तू."

गुळवणी नि रोट. छोट्याने त्यांच्या ताटाकडे हात केला. आजवर या बाईंनी आपल्या ताटातलं कुणाला नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. आज त्यांनी ताट वर उचललं. "नही रे बेटा. हाऊ मन्हा नावना शे."

आणि एकट्याने खाल्ला. सावकाश, तुकडा तुकडा, गुळवणीत बुडवून. दात दुखतो म्हणणारी बाई! मी वाढायचं सोडून समोर उभी. म्हटलं, "कसा झालाय?"

"जाड शे," त्या म्हणाल्या. मग शेवटचा तुकडा हातात धरून थांबल्या. "छत्तीस वरीस या घरना रोट रांधात, सुवर्णा. मन्हा आज खादा."

मोठे दादा उठले आणि त्यांच्या ताटात आणखी गुळवणी वाढली. मला ढोलाशी बोलावताहेत. जाते.